बैलांनी खाल्लेला बिछाना

गाडी घेतली ती तिच्यात झोपता यावं म्हणून. सात माणसांची, उंच, जुनी पण दणकट एसयूव्ही. कल्याणात राहायचं, आठवडाभर कचेरीत मान मोडून काम करायचं आणि शनिवारची रात्र कुठल्या तरी डोंगराच्या पायथ्याशी काढायची, असा बेत होता. माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट, आजोबा ही सगळी नावं आमच्या शहापूर-मुरबाडचीच. तंबू ठोकायची खटपट नको, रात्री पाऊस आला तर पळापळ नको. मागचं दार उघडलं की बिछाना तयार हवा.

सुताराला दोन महिने लागले. तिसऱ्या रांगेची सीट बोल्ट खोलून माळ्यावर टाकली. मधली रांग पाडली आणि तिच्यावर अठरा मिलिमीटर प्लायचा खोका बसवला. लांबी सहा फूट, चाकांवरच्या फुगीर भागांना बरोबर वळसा घालून कापलेला. खोक्याला तीन खण. एकात स्टोव्ह आणि भांडी, दुसऱ्यात कपडे, तिसऱ्यात दोर, विजेरी, औषधं. खोक्यावर चार इंची फोम, त्याला राखाडी जाड कापडाची खोळ. सगळं गाडीच्या तळाला बोल्टनं आवळलेलं. तसूभरही हलता कामा नये, असं मीच सुताराला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. सीट काढून अशी कायमची बांधणी करायची तर गाडीच्या नोंदणीत फरक पडतो आणि त्यासाठी आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते. मी ती घेतली नव्हती. चूक माझीच.

पहिल्या मुक्कामासाठी आजोबाचा पायथा ठरवला. वाटेत किन्हवलीला आत्याकडे थांबलो. मुरबाडच्या पुढे सरळगावला महामार्ग सोडून शहापूरच्या रस्त्याला लागलं की किन्हवली येते. भातं झोडून झालेली, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, मोकळ्या वावरात वाल वर आलेला. आत्या ओटीवर गोधडी शिवत बसली होती. वय सत्तरीच्या पुढचं, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवते.

मी मागचं दार उघडून तिला बोलावलं. तिनं फोमवर हात फिरवला, मुठीनं दाबून बघितला.

"मऊ हाय रं."

मग तिनं बाजूचं दार उघडून आत डोकावलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"नि मान्सं कुठं बसायची?"

"पुढे दोघं बसतात की, आत्या."

"दोघं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

चहा पिताना तिनं म्हशाच्या जत्रेचा विषय काढला. पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाला खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते. आमच्याकडे सगळे त्याला म्हसोबाच म्हणतात. बैलांचा बाजार भरतो, आणि दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे घोंगड्या. आत्याला घोंगडी घ्यायची होती. शेजारच्या दोघी जणीही येते म्हणाल्या होत्या. "म्हटलं, तुझ्या गाडीतून..." एवढं बोलून तिनं अंगणातल्या गाडीकडे पाहिलं आणि कप उचलून ठेवला. "जाऊ आम्ही आमच्या. तुला उजेडात पोचायचंय ना, नीघ."

मी निघालो. डोळखांबमार्गे डेहण्याच्या बाजूला पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. आजोबाचा कडा तांबूस दिसत होता. खाली ओढ्याच्या काठाला एक सुरेख जागा दिसली. पाण्याचा आवाज, दोन मोठी झाडं, आडोसा. मी गाडी तिथेच लावली.

ती रात्र मी विसरलेलो नाही. आत शिरल्या शिरल्या कळलं की बिछान्यावर ताठ बसताच येत नाही. खोका, त्यावर फोम, आणि वर उरलेली जागा वीतभर कमी. कपडे बदलायचे ते आडवं पडून, पाणी प्यायचं ते कोपरावर रेलून. जमीन सपाट वाटली होती, पण गाडीचं नाक उंचावर आणि मागची बाजू खाली होती, आणि मी डोकं मागच्या दाराकडे करून निजलो होतो. तासाभरात कपाळ ठणकू लागलं. अंधारात उलटा फिरलो, तर आता सगळं अंग हळूहळू पायांकडे घसरायला लागलं. डास येऊ नयेत म्हणून काचा पार बंद केल्या होत्या. मध्यरात्रीनंतर गालावर थेंब पडला. विजेरी लावली, तर काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. छताच्या कापडाला हात लावला, तेही ओलसर. माझाच श्वास थंड काचेवर पाणी होऊन माझ्याच अंगावर परत येत होता.

थंडी तर अशी की दात वाजायला लागले. इंजिन चालू करून हीटर लावावा असं वाटलं आणि हात किल्लीपर्यंत गेलाही. नशीब, तिथेच थांबलो. काचा बंद, इंजिन चालू आणि आत झोपलेला माणूस ही गाठ जीव घेते. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेत गुंगतो तो उठत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणीही, कितीही थंडी किंवा उकाडा असो, झोपताना गाडी चालू ठेवू नये, एवढं मी हात जोडून सांगतो.

पहाटे मी बाहेर येऊन शेकोटी केली. उजाडलं तसा कडा दिसायला लागला. या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता, सीतामाई इथेच राहिली, लव-कुश इथेच वाढले आणि वाल्मीकींना आजोबा म्हणू लागले म्हणून डोंगराचं नाव आजोबा, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. वर कड्यात एक कपार आहे, तिला सीतेचा पाळणा म्हणतात. लहानपणी आत्यानंच ही गोष्ट सांगितली होती. ज्या बाईला घर उरलं नव्हतं, तिच्या लेकरांसाठी लोकांनी कातळात पाळणा पाहिला. शेकोटीपाशी बसून मी त्या कड्याकडे बराच वेळ बघत राहिलो. कंबर दुखत होती.

परत जाताना किन्हवलीला उतरलो. आत्यानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढे ठेवलं. जेवता जेवता मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "गाडी कुठं लावलीस?"

"ओढ्याला."

"वढ्याला थंडी उतरती रं. थंडी पान्यावानी खाली वाहती, सगळी वढ्यात जमा होती. बा कधी वढ्याला मुक्काम करत नव्हता. वाईच वर, बांधाच्या आडोशाला."

बा म्हणजे माझे आजोबा. आत्या लहान असताना ते बैलगाडीनं म्हशाला जात आणि पोरांना बरोबर नेत. जाताना वाटेत एक मुक्काम, येताना एक. आत्या बोलायला लागली आणि मी जेवायचा थांबलो, कारण काल रात्री मला जे जे हवं होतं ते सगळं तिच्या बोलण्यात येत होतं.

बैल सोडले की गाडी पुढे कलते. मग आजोबा जू एका धोंड्यावर टेकवायचे आणि पाण्यानं भरलेला तांब्या गाडीच्या फळीवर ठेवायचे. पाणी काठाला कुठल्या बाजूनं जास्त चढतं ते बघायचे आणि त्या बाजूच्या चाकाखाली चपटा दगड सरकवायचे. पाणी नीट बसेपर्यंत पोरांना गाडीत चढू द्यायचे नाहीत. उशाची बाजू मात्र बोटभर उंच ठेवायचे. वाऱ्याच्या बाजूला तट्ट्या उभा करायचे, समोरची बाजू मोकळी. "चारी बाजू कधी बंद नाय करायची," आत्या म्हणाली. "बा म्हनायचा, वारा आत आला तर त्याला बाहेर जायला वाट पायजे."

"आणि बिछाना?"

"पेंढा. दोन कवळे. त्याच्यावर गोनपाट, त्याच्यावर गोधडी." ती थोडी थांबली. "त्यो पेंढा बैलांचा बी असायचा. रात्री कडंकडंनं काढून बैलांना घालायचा. सकाळी आनखी. म्हशाला पोचेस्तवर निम्मा सरलेला. येताना तर आमी फळीवरच. सगळा बिछाना बैलांनी खाल्लेला असायचा." आणि मग तिचा चेहरा उजळला. "पन तवर घोंगडी घेतल्याली असायची ना! सगळी पोरं एका घोंगडीत."

मी विचारलं, गाडीत एवढी माणसं मावायची कशी? तिला प्रश्नच कळला नाही. वाटेत कुणी म्हातारं माणूस चालताना दिसलं, कुणाच्या कडेवर पोर असलं, तर आजोबा गाडी थांबवायचे. "पेंढा सारला की जागा व्हती," ती म्हणाली. 

अंगणात माझी गाडी उभी होती. बोल्टनं आवळलेला खोका, कुलूप लावलेले खण. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्या पौर्णिमेला मी कामावर होतो. आत्या आणि त्या दोघी जणी कशाबशा जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसून म्हशाला जाऊन आल्या. चार दिवसांनी गावचा एक मुलगा कल्याणला माझ्या दाराशी आला. त्याच्या हातात सुतळीनं बांधलेलं गाठोडं. सोडलं, तर काळी घोंगडी. नवी, खरखरीत, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली, लोकरीचा तो ओळखीचा उग्र वास. मी लगेच फोन लावला.

"आत्या, तू स्वतःसाठी घ्यायला गेली होतीस ना?"

"मला गोधड्या हायत. तुला त्या पेटीत थंडी लागती म्हनलास."

त्या रात्री घोंगडी पांघरून घरातच झोपायचा प्रयत्न केला. झोप आली नाही. जीपच्या मागच्या फळीवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली आत्या सारखी डोळ्यांपुढे येत होती, आणि तेव्हा माझी सात माणसांची गाडी इमारतीखाली उभी होती.

पुढच्या रविवारी मी सुताराकडे गेलो. खोका काढायचा म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं, काम खरंच सुबक होतं. मीही बोल्ट खोलायला हात लावला. दोन महिन्यांत बसवलेलं एका दुपारी निघालं. माळ्यावरची सीट पुन्हा जागेवर गेली. प्लायचा बाक करून घेतला आणि आत्याच्या ओटीवर नेऊन ठेवला. आता गोधडी शिवायला शेजारणी येतात त्या त्याच्यावर बसतात.

मग बिछाना नव्यानं जमवायला घेतला, या वेळी आत्याच्या हिशोबानं. दोन्ही मागच्या रांगा पाडल्या की एक उतरता ओटा तयार होतो. मधे घडीची फट राहते, पुढच्या सीटच्या मागे एक खड्डा उरतो. खड्ड्यात पाण्याचा कॅन आणि कपड्यांची पिशवी बसते. उतार भरायला आत्यानं कमीजास्त जाडीच्या दोन गाद्या शिवून दिल्या, पायाशी जाड, उशाला पातळ. पेंढा सुटा टाकला तर सीटच्या खाचांत जातो, म्हणून तिनं चार गोणपाटं पेंढा भरून शिवली, लोडासारखी, सैलसर. खाली तीन गोणपाटं, वर गोधडी, अंगावर घोंगडी. पेंढा आहे म्हणजे गाडीत काडी पेटवायची नाही. स्टोव्ह बाहेर, दहा पावलं लांब. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या, त्यांच्यावर बाहेरून मच्छरदाणीचं कापड. एका बाजूनं हवा आत येते, दुसऱ्या बाजूनं जाते आणि सकाळी काच कोरडी असते. घोंगडीची लोकर दमट हवेतला ओलावा पिते आणि तरी ऊब सोडत नाही, हे तर मेंढ्या राखणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

गाडीत एक स्टीलची वाटी कायम ठेवली. मुक्कामाला पोचलो की ती पाण्यानं भरून सीटवर ठेवायची. पहिल्यांदा हे केलं ते वैशाखऱ्याला, नाणेघाटाच्या पायथ्याशी. वाटीतलं पाणी डाव्या काठाला चढलेलं दिसलं. डाव्या पुढच्या चाकासमोर एक चपटा दगड ठेवून त्याच्यावर गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगडांचा अडसर लावला. पुन्हा वाटी. पाणी स्थिर. त्या रात्री मी आडवा झालो तो थेट कोंबड्याच्या आरवण्याला उठलो.

सकाळी घाट चढून वरच्या लेण्यात गेलो. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे माल याच वाटेनं जायचा. लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, लोक तो बघायला येतात. मी त्या दिवशी भिंतींच्या कडेनं कोरलेल्या दगडी बाकांवरच जास्त वेळ बसलो. घाट चढून आलेल्या माणसानं टेकावं म्हणून कुणीतरी कातळ खोदून ठेवलेत. बाहेर पिण्याच्या पाण्याची टाकी. कुणी यावं, टेकावं, पाणी प्यावं आणि पुढच्यासाठी जागा सोडून उठावं. कुठल्या व्यापाऱ्याचं नाव त्या बाकावर नाही. बसल्या बसल्या मला माझे कुलूप लावलेले तीन खण आठवले.

वर्ष असं गेलं. पुन्हा पौष आला आणि या वेळी मी आधीच रजा टाकली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी किन्हवलीच्या अंगणात गाडी लावली. आत्या, शेजारच्या दोघी, त्यांच्यातल्या एकीची शाळकरी नात. मागच्या रांगेत गाठोडी, पेंढ्याची गोणपाटं आणि डब्यात भाकऱ्या. निघालो तर सरळगावच्या अलीकडे एक आजोबा काठी टेकत चाललेले दिसले. मी विचारायच्या आत आत्यानं काच खाली केली होती.

"म्हशाला का?"

ते म्हशालाच निघाले होते. गाठोडी मांडीवर घेतली आणि ते बसले.

म्हशाला पोचेपर्यंत अंधार पडला. आजोबा देवळाकडे गेले. मी जत्रेपासून थोडं लांब, उंचवट्यावरच्या एका मोकळ्या वावरात मालकाला विचारून गाडी लावली. आत्यानं स्वतः वाटी भरून सीटवर ठेवली आणि वाकून बघत राहिली. "उजवीकडं वाईच," ती म्हणाली. मी दगड सरकवला. सीट पाडल्या, गोणपाटं अंथरली. वीस मिनिटांत बिछाना झाला. आत्या आणि एक शेजारीण मागं निजल्या, नात दोघींच्या मधे. दुसरी शेजारीण पुढची सीट मागं सरकवून, पायाखाली गाठोडं घेऊन. उरलेलं एक गोणपाट मी गाडीच्या आडोशाला जमिनीवर टाकलं आणि घोंगडी लपेटून पडलो.

आभाळ स्वच्छ, चंद्र डोक्यावर. लांबून पाळण्यांचा आणि कर्ण्यांचा आवाज येत होता, जवळून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा. काचेच्या फटीतून आत्याचा आवाज ऐकू येत होता. ती त्या पोरीला आपल्या बापाची गाडी, जुवाखालचा धोंडा आणि तांब्यातलं पाणी सांगत होती. पोरगी विचारत होती, "मग बैल बिछाना खायचे?" आत्या म्हणत होती, "सगळा. एक काडी नाय ठेवायचे."

पहाटे दवानं घोंगडी वरून ओली झाली होती, आतून मी उबदार होतो. जाग आली ती कुणाच्या तरी खाकरण्यानं. रात्रीतून शेजारी एक टेम्पो येऊन थांबला होता आणि त्यातून उतरवलेली खिल्लारांची जोडी खुंट्याला बांधली होती. राखणारा पोरगा विशीचा असेल, घाटावरून रातभर प्रवास करून आलेला. वैरण वाटेतच संपली, बाजारात पेंढी कुठे मिळेल, असं तो मला विचारत होता.

मी काही बोलायच्या आत गाडीचं मागचं दार उघडलं. आत्या केस सावरत खाली उतरली. तिनं माझ्याकडे हात केला, कात्री दे म्हणून. पहिल्या गोणपाटाची शिवण तिनं उसवली, मग दुसऱ्याची. शाळकरी पोरगी डोळे चोळत उतरली आणि तिसरं गोणपाट दोन्ही हातांनी ओढत आली. माझ्या खालचं चौथं मी उचललं. रात्रभर आमच्या अंगाखाली दबलेला, अजून कोमट असलेला पेंढा आत्यानं ओंजळीओंजळीनं झटकून बैलांपुढे टाकला.

बैलांनी आधी नुसता वास घेतला. मग एकानं जीभ फिरवून पहिली काडी ओढली.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. "चल," ती मला म्हणाली, "सीट उभ्या कर. येताना माणसं असतील."